हुंडणावळीचा दर आणि मुंबईचा सूतव्यापार (१८९३–१९०६)

हुंडणावळीचा दर चढला की निर्यात घटते व उतरला की वाढते, हा अर्थशास्त्रातील सर्वपरिचित सिद्धान्त होय. मुंबईच्या सूतव्यापाराच्या इतिहासात तो खोटा ठरत नाही. परंतु दर कोणत्या देशाच्या चलनाशी मोजावयाचा, हे ठरविल्यावाचून तो अपुरा राहतो.

जर्मनीने १८७१ नंतर सुवर्णचलन स्वीकारले आणि रुप्याचा भाव घसरू लागला. त्याबरोबर सुमारे दोन शिलिंग किमतीचा रुपया १८९२–९३ मध्ये सव्वा शिलिंगावर आला. इंग्लंडात पौंडांत द्याव्या लागणाऱ्या ‘होम चार्जेस’साठी हिंदुस्थान सरकारला अधिकाधिक रुपये मोजावे लागले. मुंबईच्या गिरण्यांना मात्र ही घसरण जाचक नव्हती. त्यांची मोठी पेठ चीन; आणि चीनही रुप्याच्याच चलनाचा देश होता. उलट सुवर्णचलनात खर्च करणाऱ्या लँकेशायरला रुप्याच्या प्रत्येक घसरणीची झळ तेथे पोचे.

हर्शेल समितीच्या अहवालानंतर २६ जून १८९३ रोजी सरकारी टाकसाळी जनतेच्या रुप्यास बंद झाल्या. रुपया दुर्मिळ होऊन त्याचे मोल त्यातील रुप्याहून अधिक झाले. पौंडाच्या हिशेबात तो १८९४–९५ मध्ये सुमारे १३ पेन्सांपर्यंत उतरला आणि १८९८–९९ च्या सुमारास १६ पेन्सांवर स्थिरावला. रुप्याच्या हिशेबात मात्र तो प्रथमपासूनच चढला. चिनी व्यापारी किंमत रुप्यात देई. गिरणीला मजुरी व कापसाचे दाम रुपयांत चुकवावे लागत. तेवढ्याच रुप्याचे आता कमी रुपये येऊ लागले. १८९३–९४ मध्ये सुताची निर्यात एकाएकी खालावली.

तथापि साऱ्या हानीचे खापर टाकसाळींच्या माथी फोडणे युक्त नव्हे. निर्यात पुढे सावरली आणि चढउतार सोशीत १९०५–०६ मध्ये तिने उच्चांक गाठला. जपानचा दाखला याहून बोलका आहे. त्या देशाने १८९४ मध्ये सुतावरील निर्यातकर व १८९६ मध्ये कापसावरील आयातकर उठविला. १८९७ मध्ये सुवर्णचलन स्वीकारल्यावर मुंबईचीच अडचण त्याच्याही वाट्यास आली. तरी चीनच्या पेठेत जपानी सूत पुढेच सरकत राहिले. त्याच सुमारास, १८९६ पासून, मुंबईच्या गिरण्यांतील मजूर प्लेगमुळे शहर सोडून जात होते.

या सर्व काळात हिंदुस्थानचा एकूण व्यापारशेष अनुकूलच होता. कापूस, ताग व गळिताची धान्ये सुवर्णचलनाच्या देशांत खपत होती आणि त्या आधिक्यातूनच ‘होम चार्जेस’ भागत होते. तिजोरीच्या दृष्टीने चलनधोरण यशस्वी ठरले. त्याची किंमत चीनशी व्यवहार करणाऱ्या एका उद्योगाला मोजावी लागली. देशाच्या एकूण आकड्यात ही हानी दिसत नाही.

१९०६ मध्ये कोल्हापुरात शाहू छत्रपती मिल स्थापन झाली, तेव्हा चीनच्या सूतव्यापाराचा भर ओसरू लागला होता आणि मुंबईच्या गिरण्या विणकामाकडे व देशी पेठेकडे वळत होत्या. हुंडणावळीच्या दराचा परिणाम तपासताना व्यापारशेषाच्या बेरजेबरोबर तिच्यातील प्रत्येक रकमेचा देश आणि त्याचे चलनही पाहिले पाहिजे, हाच या प्रकरणाचा बोध होय.