गोळी, कोफ्ता आणि चौलचें बंदर

इटलींतील बोलोन्या शहरचा लुदोव्हिको दी वार्थेमा हा प्रवासी सोळाव्या शतकाच्या आरंभीं चौल बंदरांत आला. त्याचें प्रवासवृत्त १५१० सालीं रोम येथें छापलें गेलें. चौलमध्यें धान्य, जव, भाजीपाला आणि सुती कापड यांची लयलूट आहे, असें तो सांगतो. उणीव तीनच गोष्टींची: द्राक्षें, अक्रोड आणि चेस्टनट. परक्या मुलखांत पाऊल टाकल्यावर माणसाला प्रथम घरचें ताट आठवतें, हेंच खरें.

त्या इटालियन ताटांत 'पोल्पेत्ते' म्हणजे मांसाचे गोळे यांना जुनें स्थान आहे. पंधराव्या शतकांतील मार्तिनो या नामांकित आचाऱ्याच्या ग्रंथांत हा शब्द येतो. परंतु त्याचे पोल्पेत्ते म्हणजे वासराच्या मांसाचे काप गुंडाळून सळईवर भाजलेल्या वळकट्या होत. गोळ्याचें आजचें रूप पुढील काळांतील. १८९१ सालीं पेल्लेग्रीनो आर्तुसी यानें प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्रांत तर आदल्या जेवणांतील उरलेलें उकडलेलें मांसच त्यासाठीं घेतलें आहे. शिळा पाव दुधांत भिजवून पिळावयाचा, बारीक केलेल्या मांसांत अंडें, किसलेलें चीज आणि जायफळ यांसह मळावयाचा, आणि गोळे वळून तळावयाचे. हा काटकसरीचा पदार्थ, मेजवानीचा नव्हे. शेवयांच्या ढिगावर गोळे रचून वाढण्याची जी तऱ्हा आज जगभर इटालियन म्हणून मिरवते, ती अमेरिकेंत स्थायिक झालेल्या गरीब इटालियन कुटुंबांनीं पाडली. मायदेशीं दुर्मिळ असलेलें मांस तेथें त्यांना स्वस्त मिळूं लागलें होतें. खुद्द इटलींत गोळे बहुधा निराळेच वाढतात.

चौलच्या किनाऱ्याला हा पदार्थ शिकण्यास इटलीची वाट पाहावी लागली नाहीं. 'कोफ्ता' हा शब्द फारसी 'कुफ्तन्', म्हणजे कुटणें, यापासून आला. माळव्याच्या सुलतानासाठीं सन १५०० च्या सुमारास मांडू येथें लिहिलेल्या 'निमतनामा' या पाकग्रंथांत कोफ्त्याच्या कृती आहेत. चौलवर त्या वेळीं अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता, आणि दक्षिणेला मुरूडजवळ जंजिऱ्याचे सिद्दी पुढें प्रबळ झाले. फारसी दरबारी चालीरीति या मार्गानें किनाऱ्यावर उतरल्या.

त्यांतच १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं चौलच्या खाडीच्या मुखाशीं किल्ल्याचें बांधकाम आरंभिलें. मांसाच्या गोळ्याला त्यांच्या भाषेंत 'अल्मोंदेगा' म्हणतात, आणि तो शब्द 'गोळी' या अर्थाच्या अरबी 'बुंदुक' शब्दापासून निघाला. आपली 'बंदूक' त्याच मुळाची! चौलच्या तटावर आणि चुलीवर एकच शब्द दोन वेषांत नांदावा, यांत थोडी थट्टा आहे खरी. पोर्तुगीजांचा अंमल १७४० सालीं संपला. कोर्लई गांवीं मात्र त्यांच्या भाषेपासून झालेली बोली आजही घराघरांत चालते.

पदार्थ समुद्रमार्गें आला, परंतु त्याला येथें टिकविलें तें माडानें. १५६३ सालीं व्हेनिस सोडून निघालेला चेझारे फेदेरिची हा व्यापारी माडाच्या झाडाविषयीं लिहितांना त्यापासून मिळणाऱ्या वस्तूंची यादी करतां करतां थकत नाहीं. इटालियन स्वैपाकिणीनें दुधांत पाव भिजविला. येथें डाळ्याच्या पिठानें गोळा बांधला आणि नारळाच्या रसांत सोडला. अलिबागच्या परिसरांतील बेने इस्रायल समाजाच्या घरीं हा फरक केवळ रुचीचा नव्हता. यहुदी धर्मनियमाप्रमाणें मांस आणि दूध एकत्र करतां येत नाहीं. दुधाचा पाव आणि चीज घातलेला गोळा त्यांना निषिद्धच. नारळाचा रस मात्र दुधासारखा दिसूनही दूध नव्हे.

कृतींत कौशल्य आहे तें हाताचें. खिमा पाट्यावर आलें, लसूण, मिरची, कोथिंबीर यांसह इतका वाटावयाचा कीं तो बोटांना चिकटूं लागावा. मग डाळ्याचें पीठ बेताचें. पीठ जास्त झालें तर गोळा दगडासारखा, कमी झालें तर रश्शांत विरून जातो. रस्सा उकळूं लागल्यावर गोळे एकेक सोडावयाचे. नंतर पळी घालावयाची नाहीं. पातेलें दोन्ही बाजूंनीं धरून हलकेंच हालवावयाचें. सोबत तांदळाची भाकरी किंवा भात. मांस न खाणाऱ्या घरांतून दुध्याचे वा कच्च्या फणसाचे गोळे होतात, आणि ते मांसाहून अधिक हट्टानें फुटतात.

साठवणीचा प्रश्न मात्र या किनाऱ्यावर नेहमींच कठीण होता. अखंड मांसाचा दोष बहुतेक पृष्ठभागावर असतो. खिमा करतांना तोच आंतबाहेर सर्वत्र मिसळतो, म्हणून खिमा त्याच दिवशीं शिजवावा लागतो. शनिवारीं, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवावयाची नाहीं, असा नियम पाळणाऱ्या बेने इस्रायल गृहिणीला शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वींच रांधून ठेवावें लागे; चैत्र-वैशाखाच्या उकाड्यांत नारळाचा रस्सा किती लवकर आंबतो, हें तिला कोणी सांगावयास नको होतें. आतां घरोघरीं शीतकपाट आहे. शिजलेले गोळे दोन तासांच्या आंत थंड करून त्यांत ठेवल्यास तीनचार दिवस चांगले राहतात. पण नारळाचा घट्ट रस तेव्हां घालूं नये. तो वाढण्याच्या दिवशीं ताजा काढून, गोळे गरम झाल्यावर, शेवटीं घालावा.