देणगी आणि देणे : क्री लोक आणि क्वेबेकची वीज

एखाद्या वीजकंपनीने धरणाकाठच्या लोकांसाठी शाळा बांधली, दवाखाना उघडला अथवा रस्ता करून दिला, की त्याची वार्ता सर्वत्र होते आणि ऐकणारे कंपनीच्या औदार्याची वाखाणणी करतात. यात गैर काहीच नाही. परंतु ज्यांची नदी अडविली, ज्यांची भूमी बुडाली, त्यांना मिळणारी ही मदत म्हणजे देणगी की देणे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. देणगी देणाऱ्याच्या मर्जीने मिळते आणि त्याच्याच मर्जीने थांबते. देणे हे घेणाऱ्याच्या हक्काने मिळते आणि ते चुकविणाऱ्याला जाब द्यावा लागतो. या दोहोंतील अंतर किती मोठे असते हे पाहावयाचे तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागातील क्री लोकांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहावा. आज आम्ही तोच वाचकांपुढे ठेवणार आहो.

हडसन उपसागराचा जो फाटा दक्षिणेकडे आत शिरला आहे त्यास जेम्स बे म्हणतात. त्याच्या पूर्वेस नद्या, सरोवरे आणि सूचिपर्णी अरण्ये यांनी भरलेला विस्तीर्ण मुलूख आहे. क्री लोक त्याला ‘ईयू इस्ची’, म्हणजे लोकांची भूमी, असे म्हणतात. बीव्हर, मूस नावाचे मोठे हरिण, रानहंस आणि मासे यांवर त्यांचा निर्वाह चाले. हे रान मोकाट नव्हते. प्रत्येक कुटुंबाचा शिकारीचा प्रदेश पिढ्यानपिढ्या ठरलेला असे आणि कोणत्या वर्षी कोठे सापळे लावावयाचे व कोठे रानाला विसावा द्यावयाचा, हे त्या प्रदेशाचा जाणता शिकारी ठरवी.

1670 साली इंग्लंडच्या राजाने हा सारा मुलूख एका सनदेने हडसन्स बे कंपनीला देऊन टाकला. या व्यवहाराचा क्री लोकांना पत्ताही नव्हता. 1870 मध्ये तो मुलूख कॅनडाकडे गेला आणि पुढे 1898 व 1912 या दोन टप्प्यांत त्याचा हा भाग क्वेबेक प्रांतास जोडला गेला. 1912 च्या कायद्यात मात्र एक अट होती : तेथील मूळ रहिवाशांचे भूमीवरील हक्क मान्य करून क्वेबेकने त्यांच्याशी रीतसर तडजोड करावी. ही अट साठ वर्षे कागदावरच राहिली. आमच्या मते पुढील सर्व कथेची गुरुकिल्ली येथेच आहे. वीजकंपनी उत्तरेस येण्यापूर्वीच तेथे एक देणे थकलेले होते.

हायड्रो-क्वेबेक ही प्रांताच्या मालकीची वीजसंस्था 1944 साली स्थापन झाली. 1962 च्या निवडणुकीत ‘आपल्या घरात आपणच मालक’ अशी घोषणा क्वेबेकमध्ये दुमदुमली, आणि त्या कौलाच्या जोरावर उरलेल्या बहुतेक खासगी वीजकंपन्याही या संस्थेने ताब्यात घेतल्या. इंग्रजी भांडवलाच्या वर्चस्वाखाली राहिलेल्या फ्रेंचभाषकांची ती स्वाभिमानाची घोषणा होती. परंतु त्याच घराच्या उत्तरेच्या दालनात दुसरे कोणी हजारो वर्षे राहत आहे, याचे भान त्या वेळी फारच थोड्यांना होते.

30 एप्रिल 1971 रोजी प्रांताचे मुख्यमंत्री रॉबेअर बुरासा यांनी जेम्स बेच्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत् योजना जाहीर केली. क्री लोकांना कोणी विचारले नव्हते. बातमी त्यांच्या कानांवर आली ती रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून! त्यांची संख्या सहा-सात हजार. गावे एकमेकांपासून दूर, आणि सर्वांची मिळून अशी एकही संघटना नव्हती. त्या उन्हाळ्यात मिस्तिसिनी गावी त्यांचे पुढारी प्रथमच एकत्र बसले. बिली डायमंड हा त्यांतील एक प्रमुख पुढारी जेमतेम बावीस वर्षांचा होता.

प्रकरण न्यायालयात गेले. रानातले शिकारी मॉन्ट्रिअलच्या न्यायमंदिरात साक्षीला उभे राहिले. एका शिकाऱ्याला संपूर्ण सत्य सांगण्याची शपथ घालण्यात आली, तेव्हा तसे वचन आपण देऊ शकत नाही, आपल्याला ठाऊक आहे तेवढेच सांगू, असे तो म्हणाल्याचे सांगतात. 15 नोव्हेंबर 1973 रोजी न्यायमूर्ती अल्बेअर मालूफ यांनी काम बंद ठेवण्याचा मनाईहुकूम दिला. अवघ्या आठवड्यातच वरिष्ठ न्यायालयाने तो तहकूब केला आणि यंत्रे पुन्हा घरघरू लागली. तथापि त्या एका आठवड्याने एक गोष्ट सिद्ध केली : हे लोक बाजूस सारण्याजोगे नाहीत. सरकार वाटाघाटींस बसले, आणि 11 नोव्हेंबर 1975 रोजी जेम्स बे आणि उत्तर क्वेबेक करार झाला. त्यावर कॅनडा व क्वेबेक यांची सरकारे, क्री आणि इनुइट लोक यांच्याबरोबर हायड्रो-क्वेबेकनेही सही केली. कंपनी येथे दाता म्हणून नव्हे, तर करारातील एक पक्ष म्हणून आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

या करारान्वये क्री आणि इनुइट यांना मिळून 22 कोटी 50 लाख डॉलर मिळावयाचे ठरले. परंतु आमच्या मते करारातील मोलाचा भाग ही रक्कम नव्हे. क्री लोकांना स्वतःचे शिक्षणमंडळ मिळाले व आपल्या भाषेत मुलांना शिकविण्याचा अधिकार मिळाला. आरोग्याच्या कारभारात त्यांचा हात आला. मोठ्या प्रदेशात शिकारीचा अनन्य हक्क मान्य झाला. सर्वांत विलक्षण म्हणजे शिकाऱ्यांसाठी उत्पन्नाच्या हमीची योजना. जे कुटुंब वर्षाचा ठराविक काळ रानात राहून शिकार व मासेमारी करते, त्याला सरकारकडून नेमाने रक्कम मिळते. सामान्यतः मदत मिळते ती जुना धंदा सोडून नव्याला लागण्यासाठी. येथे ती जुना धंदा टिकविण्यासाठी मिळाली. पुष्कळ कुटुंबे त्यामुळे पुन्हा रानाकडे वळली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या सर्वांच्या मोबदल्यात क्री लोकांना भूमीवरील आपले मूळचे व्यापक हक्क सोडून द्यावे लागले. जो हक्क 1912 साली मान्य करावयाचा होता, तो 1975 साली विकत घेण्यात आला, असेच म्हणावे लागेल. आणि तोही धरणाचे काम चालू असताना. ला ग्रांद नदीवरील पहिले मोठे वीजगृह 1979 साली सुरू झाले. त्याची क्षमता 5,616 मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळजवळ तिप्पट आहे. इतर नद्यांचे पाणीही ला ग्रांदकडे वळविण्यात आले आणि दहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूमी पाण्याखाली गेली. नदीच्या मुखाशी बेटावर वसलेले फोर्ट जॉर्ज गाव 1980 च्या सुमारास उठवून चिसासिबी येथे हलविण्यात आले. आजही लोक उन्हाळ्यात त्या जुन्या बेटावर एकत्र जमतात.

त्यानंतर माशांत पारा सापडला. बुडालेली झाडेझुडपे पाण्यात कुजली की तेथील सूक्ष्म जंतू पाऱ्याचे विषारी रूपांतर करतात. ते लहान माशांतून मोठ्या माशांत आणि अखेर माणसांत उतरते. ज्या माशांवर पिढ्या पोसल्या ते खाताना आता मोजून खावे लागे. शिकारीच्या उत्पन्नाची हमी देता येते, पण आजीने नातवाला निःशंक मनाने मासा वाढावा याची हमी कोणत्या कलमाने द्यावी? या प्रश्नावर 1986 साली क्वेबेक सरकार, हायड्रो-क्वेबेक आणि क्री यांच्यात वेगळा करार करावा लागला. सरकारी आश्वासनेही रखडली. सांडपाणी व पिण्याच्या पाण्याची सोय वेळेवर झाली नाही आणि 1980 साली जुलाबाच्या साथीत मुले दगावली. करार झाला म्हणजे देणे फिटले असे नव्हे, हा धडा क्री लोक असा शिकले.

म्हणूनच 1989 साली उत्तरेकडील ग्रेट व्हेल नदीच्या योजनेने उचल खाल्ली, तेव्हा मॅथ्यू कून कम यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी निराळा मार्ग धरला. वीज विकत घेणार होते न्यूयॉर्क. तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कच गाठले. क्री आणि इनुइट यांनी मिळून, अर्धी एकाच्या आणि अर्धी दुसऱ्याच्या घडणीची, एक नाव बांधली आणि 1990 च्या वसंतात ती त्या महानगरात नेली. दिवा लावणाऱ्याला त्या दिव्याची किंमत कोण भरतो हे दाखविणे, एवढाच तिचा उद्देश होता. 1992 साली न्यूयॉर्कच्या वीजसंस्थेने खरेदीचा मोठा करार मोडला आणि 1994 साली योजना बासनात गेली.

या बळावरच 7 फेब्रुवारी 2002 रोजी ‘शूरांचा तह’ या नावाने ओळखला जाणारा पन्नास वर्षांचा करार झाला. त्यात तिसऱ्या वर्षापासून दर साल किमान 7 कोटी डॉलर ठरले, आणि वीज, लाकूड व खनिजे यांचे उत्पन्न वाढेल तशी ती रक्कमही वाढावी अशी तरतूद झाली. या वेळी क्री लोकांनी गावोगाव मत देऊन करार स्वीकारला. त्यासाठी रूपर्ट नदीचे पाणी वळविण्यास मात्र संमती द्यावी लागली. 2006 साली तीन गावांनी त्याविरुद्ध कौल दिला. तरी 2009 मध्ये पाणी वळविण्यात आले. नदीत बंधारे घालून पातळी राखली गेली, पण नदी पूर्वीची राहिली नाही.

तेव्हा क्री लोक जिंकले की हरले? असा एका शब्दाचा निवाडा करता येणार नाही. नद्या गेल्या; भाषा, शाळा आणि रानातील जीवन बऱ्याच अंशी राहिले. मात्र 1971 साली ज्यांना विचारण्याची कोणास गरज वाटली नव्हती, त्यांना 2002 साली बरोबरीच्या आसनावर बसवून बोलावे लागले. आणि हा फरक कंपनीच्या मनाला पाझर फुटून घडला नाही. न्यायालयातील साक्ष, संघटना, वाटाघाट आणि लोकमत यांनी तो घडवून आणला. कंपनीचा पैसा शाळेला लागला की दवाखान्याला, हे आपण अवश्य पाहावे. पण त्याआधी तो कोणत्या कागदावर मिळाला, तो कागद लिहिताना लोक हजर होते काय, आणि कंपनीने हात आखडता घेतला तर त्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येईल काय, हे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तेथेच मदतीला देणे म्हणावे. इतरत्र ती कितीही मोठी असली तरी देणगीच होय.