खुराड्याला अंगण कशाला?

शाळेच्या परसात चार-सहा कोंबड्या पाळायचे ठरले की पहिला प्रश्न येतो खुराड्याचा. जुनी फळकुटे, बांबू, पत्र्याचा एखादा तुकडा आणि पुढे जाळी लावून केलेले छोटे अंगण, एवढ्यात काम भागते. खर्च कमी करायचा म्हणून पुष्कळदा पहिली काट बसते ती अंगणावर. खुराडे आहे ना, मग अंगण कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला बराच काळ लागला. ती गोष्ट आपण पाहू.

रोमन लेखक कोल्युमेला याने पहिल्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की खुराडे हिवाळ्यातल्या उगवतीकडे तोंड करून, स्वयंपाकघराला लागून असावे. म्हणजे ऊब मिळेल आणि चुलीचा धूरही पोचेल. धूर कोंबड्यांना मानवतो, असे तो म्हणतो.

उबेचा हा विचार पुढे थंड देशांत फारच ताणला गेला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कोंबड्यांसाठी घट्ट बंद घरे बांधली जात. पण बंद जागेत श्वासाची वाफ साठते, विष्ठेतून अमोनिया निघतो आणि कोंबड्या आजारी पडतात. 1912 साली डॉ. प्रिन्स वुड्स यांनी पुस्तक लिहून समोरून उघड्या असलेल्या खुराड्याचा पुरस्कार केला. एक भिंतच नको म्हटल्यावर खर्चही कमी झाला! ओल आणि झोत टाळला, तर कोरडी कोंबडी पिसांच्या आधारे बरीच थंडी सोसते.

अंगण स्वस्त झाले ते जाळीमुळे. इंग्लंडमधले नॉर्विच हे विणकरांचे गाव. तिथले लोखंडी सामानाचे व्यापारी चार्ल्स बर्नार्ड यांनी 1844 साली तारेची जाळी विणणारे यंत्र बनवले. कापड विणण्याच्या मागावरून त्यांना ते सुचले. आपल्या ओळखीची षटकोनी घरांची जाळी ती हीच.

तरी अंगणाचे खरे महत्त्व कळायचे होते. घरात वाढवलेल्या पिलांचे पाय लुळे पडत, ती उभी राहू शकत नसत. बाहेर हिंडणाऱ्या पिलांना हा त्रास होत नसे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिन विद्यापीठात हार्ट, हॅल्पिन आणि स्टीनबॉक या संशोधकांनी याचा अभ्यास केला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिले किंवा ऊन मिळाले की पिलांचे पाय धड राहत.

त्याच सुमारास मुलांच्या मुडदुसाचे कोडेही सुटत होते. 1919 साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याने मुडदूस बरा करून दाखवला. 1922 साली मॅककॉलम यांनी माशाच्या तेलातला गुणकारी घटक वेगळा ओळखला. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. कोंबडीत ते उन्हाच्या मदतीने तयार होते, मुख्यतः पिसे नसलेल्या पायांच्या कातडीत. खिडकीच्या काचेतून प्रकाश येतो, ऊब येते, पण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. म्हणून काचेमागचे ऊन या कामाचे नाही.

मग अंगणांचे दिवस आले असतील असे वाटेल. झाले उलटेच. ऊन कशासाठी लागते ते कळल्यावर ती गरज खाद्यातून भागवता येऊ लागली. 1923 साली अमेरिकेत डेलावेअरमध्ये सेसिल स्टील या बाईंनी पन्नास पिले मागवली आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती ठेवून घेतली आणि मांसासाठी वाढवून विकली. 1926 पर्यंत त्यांच्याकडे दहा हजार पिलांची शेड उभी होती. पुढे अशा शेडी आणि नंतर पिंजरे जगभर पसरले. अंडी स्वस्त झाली, पण अनेक कोंबड्यांना ऊन दिसेनासे झाले. युरोपीय संघाने 1999 साली कायदा करून जुन्या पद्धतीचे उजाड पिंजरे 2012 पासून बंद केले.

आता आपल्या परसात येऊ. शेडमधल्या कोंबडीच्या खाद्यात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळलेले असते. आपली कोंबडी मात्र दाणे आणि घरचे उष्टे-खरकटे खाते. त्यात ते जवळजवळ नसते. त्यामुळे ज्या कोंबडीला विकतचे खाद्य मिळत नाही, तिला अंगण सर्वात जास्त लागते. खुराड्यात कोंबडीमागे दोन-अडीच चौरस फूट आणि अंगणात आठ-दहा चौरस फूट जागा ठेवावी. अंगणात सकाळचे ऊन यावे आणि दुपारी सावलीही असावी. खुराड्याची एक बाजू जाळीची ठेवावी, मात्र ती बारीक आणि मजबूत हवी. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्या-मुंगसाला बाहेर ठेवेलच असे नाही.

आणि बांधायला घेण्यापूर्वी मुलांना एक प्रश्न विचारावा: अंगणाऐवजी खुराड्याला काचेची मोठी खिडकी लावली तर चालेल का? त्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. आम्हाला वाटते, अंगण कशाला ते मुलांना पटले, की त्याच्यासाठी लागणारी चार हात जाळी तीच शोधून आणतील.