खुब्याचा कृत्रिम सांधा : टिकाऊपणाचा इतिहास आणि यवतमाळ जिल्ह्यातील रोगी

खुब्याचा निकामी झालेला सांधा काढून त्याच्या जागी धातू, प्लास्टिक अथवा सिरॅमिक यांचा सांधा बसविण्याच्या शस्त्रक्रियेसंबंधी लिहिताना ‘टिकाऊ’ हे विशेषण हटकून वापरले जाते. हे विशेषण सापेक्ष आहे. छत्री चार पावसाळे टिकली तरी आपण तिला टिकाऊ म्हणतो. घराच्या बाबतीत दोन पिढ्यांहून कमी काळ आपल्याला चालत नाही. किती काळ आणि कोणाच्या अंगात, हे सांगितल्यावाचून कृत्रिम सांध्याच्या टिकाऊपणालाही अर्थ येत नाही. या शस्त्रक्रियेचा रूढ इतिहास पाश्चात्त्य देशांतील वृद्ध रोगी गृहीत धरून लिहिला गेला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील रोगी समोर ठेवला म्हणजे त्याच इतिहासातील कोणत्या घटनेला महत्त्व द्यावे याचा निर्णय बदलतो, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत बसतो व सर्व बाजूंना फिरतो. मराठीत या रचनेस आपण उखळीचा सांधा म्हणतो. ही उपमा जुनी आहे. सुश्रुताने सांध्यांचे आठ प्रकार मानले असून त्यांत उलूखल, म्हणजे उखळ, हा एक आहे. काख, वंक्षण आणि दात या तीन ठिकाणी तो असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. दात आणि खुबा यांना एका वर्गात घालणे आजच्या शारीरशास्त्राला मान्य होणार नाही. तथापि, कृत्रिम खुब्याची दोन महत्त्वाची द्रव्ये, कोबाल्टमिश्रित व्हायटॅलियम धातू आणि सांधा हाडात पक्का करणारे अॅक्रिलिकचे सिमेंट, ही दंतवैद्यकातूनच आली, हा योगायोग मनोरंजक खराच.

आरंभीच्या प्रयत्नांचा आढावा थोडक्यात घेता येईल. बर्लिनच्या ग्लुकने १८९१ च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बसविले. क्षयाने सडलेल्या सांध्यांत ते टिकणे शक्यच नव्हते. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३ मध्ये गोळ्यावर काचेची टोपी बसविली. ती फुटली. पुढे पंधरा वर्षे निरनिराळी द्रव्ये पारखून १९३८ मध्ये तो व्हायटॅलियमपर्यंत पोहोचला. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी १९४६ मध्ये अॅक्रिलिकचा गोळा वापरला. तो झिजे, आणि वंगण नसलेल्या बैलगाडीच्या चाकाप्रमाणे करकरे. अशाच एका रोग्याचा करकरणारा सांधा ऐकून इंग्लंडमधील जॉन चार्नली घर्षणाच्या प्रश्नाकडे वळला. येथपर्यंत सर्वांची दृष्टी ‘मोडू नये’ एवढ्यावर होती. सांधा मोडण्यापेक्षा झिजण्याने अधिक मरतो, हे चार्नलीने ओळखले, आणि त्याला ते फार महाग पडले.

लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात १९५८ पासून चार्नलीने टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. घर्षण अत्यल्प, परिणाम तत्काळ. सुमारे तीनशे शस्त्रक्रिया झाल्यावर तीन-चार वर्षांतच वाट्या झिजून त्यांत धातूचा गोळा रुतू लागला, आणि झिजेच्या चूर्णाभोवती शरीरात गाठी साठल्या. ते सांधे चार्नलीने स्वतःच्या हातांनी काढले. मे १९६२ मध्ये कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी प्लास्टिकची दंतचक्रे विकणारा एक विक्रेता त्याच्या प्रयोगशाळेत आला. त्याने दाखविलेले अतिदीर्घ रेणूंचे पॉलिएथिलीन चार्नलीने नखाने दाबून पाहिले व नापसंत केले. त्याचा यंत्रकारागीर हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. रात्रंदिवस तीन आठवडे यंत्र चालल्यावरही झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेइतकीही झाली नव्हती. त्यानंतर चार्नलीने दोन्ही द्रव्यांचे चूर्ण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठी उठल्या, पॉलिएथिलीनच्या जागी उठल्या नाहीत. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनची वाटी रूढ झाली. या प्रसंगाचे श्रेय इतिहासकार चार्नलीला देतात, ते योग्यच. परंतु क्रेव्हनने वरिष्ठांच्या नापसंतीनंतरही यंत्र चालू केले नसते, तर हा शोध किती वर्षे लांबला असता?

लँकेशायरच्या याच गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस जात असे. पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखला गेलेला मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी मुख्यतः कापसासाठीच घातला गेला. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याला गिरणीच्या दंतचक्राचे द्रव्य परत मिळाले ते औषध म्हणून, आणि तेही अनेक दशकांनी.

चार्नलीचे रोगी बहुधा साठी उलटलेले, संधिवाताने जखडलेले असत. सांधा पंधरा-वीस वर्षे टिकला, तर रोग्याचे उरलेले आयुष्य त्यात सामावे. तरुणांवर ही शस्त्रक्रिया करण्यास तो नाखूश असे. यवतमाळ जिल्ह्यात खुबा निकामी होण्याची जी कारणे आहेत, त्यांत वार्धक्य, पडून हाड मोडणे व क्षय ही आहेतच. परंतु येथे एक निराळे कारण आहे, आणि ते तरुणपणीच गाठते. ते म्हणजे सिकलसेल. भारतात या विकाराची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत झाली. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील रक्तदोषाचे वृत्त ‘लॅन्सेट’मध्ये दिले. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलामांच्या भाषेचे इमनोकृत वर्णन १९५५ मध्येच ग्रंथरूपाने आले होते. विदर्भातील लोकांचे व्याकरण विद्वानांस त्यांच्या रक्ताच्या आधी कळले, असे म्हणावयास हरकत नाही. गोंड, कोलाम, परधान आणि अनुसूचित जातींतील काही समाज यांत हा दोष विदर्भभर आढळतो. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले.

आईवडील दोघांकडून हा दोष आला, तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या व बारीक. त्या तुंबल्या की गोळ्याचे हाड मरते, खचते, आणि विशी-तिशीतला मनुष्य लंगडू लागतो. हा मनुष्य बहुधा शेतमजूर असतो. कापूस वेचणे, निंदण, सरपण वाहणे ही त्याची कामे; जेवण, शौच, पंगत, भजन हे सर्व जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसून. टिकाऊपणाचा प्रश्न येथे दुहेरी होतो. सांधा चाळीस वर्षे टिकला पाहिजे, आणि त्याने खाली बसता आले पाहिजे.

भारतीय शल्यविशारदांना यातील दुसऱ्या अटीची जाणीव पूर्वीपासून होती. गर्डलस्टोनच्या पद्धतीने गोळा नुसता काढून टाकला, तर पाय आखूड होतो व काठी लागते, परंतु वेदना थांबतात आणि मनुष्य खाली बसू शकतो. क्षयाने व पूयरोगाने नासलेल्या खुब्यांवर केलेल्या अशा शस्त्रक्रियांचा अनुभव वाराणसीचे तुली व मुखर्जी यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथांत ही क्रिया निरुपायाची म्हणून शेवटी येते. आपल्याकडे तिला विचारपूर्वक पत्करलेल्या पर्यायाचे स्थान होते. हे मागासलेपण समजू नये. चालणे आणि बसणे यांत निवड करावयाची, तर ती कोणत्या घरात करावयाची आहे हे पाहावेच लागते.

१९६२ नंतरच्या द्रव्यांकडे या दृष्टीने पाहावे. घर्षण कमी करण्यासाठी चार्नलीने गोळा लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा, ठेवला होता. लहान गोळा खोल वाकताना वाटीतून सहज निसटतो. गोळा मोठा करावा, तर साध्या पॉलिएथिलीनची झीज वाढते. या झिजेचे सूक्ष्म कण पांढऱ्या पेशी गिळतात व त्या चेतनेने सांध्याभोवतालचे हाड विरघळते. प्रथम याचा दोष सिमेंटवर ठेवला गेला आणि सिमेंटविरहित सांधे पुढे आले. खरा अपराधी बहुतांशी पॉलिएथिलीनचे कण हाच होता, हे मागाहून उलगडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस किरणोत्साराने रेणूंची परस्परबांधणी केलेले पॉलिएथिलीन वापरात आले. त्याची झीज इतकी कमी, की ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा वापरणे शक्य झाले. वाकण्याची मोकळीक वाढली आणि निखळण्याचे भय कमी झाले, तरी उकिडवे बसण्यास सर्वच शल्यविशारद अनुमती देतात असे नाही. म्हणून, माझ्या मते, यवतमाळच्या रोग्याच्या इतिहासात १९६२ पेक्षा हा टप्पा मोठा आहे. फ्रान्समध्ये बूतँने १९७० मध्ये आणलेल्या अॅल्युमिना सिरॅमिकची झीज आणखी अल्प. ते क्वचित तडकते, आणि महाग असते.

सिमेंटविषयीचा गैरसमजही व्यर्थ गेला नाही. सिकलसेलच्या रोग्यांत सिमेंटने बसविलेल्या जुन्या सांध्यांचे अपयश बरेच होते. टायटेनियमच्या सच्छिद्र पृष्ठभागात हाड स्वतः वाढून सांधा धरते, ही रीत त्यांना अधिक मानवते. मात्र या रोगात मांडीच्या हाडाची पोकळी कठीण हाडाने बुजलेली असू शकते. दांडा बसविताना हाड फुटण्याचा, आणि पुढे जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. द्रव्य कितीही उत्तम असले, तरी शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला ऊब, पाणी, प्राणवायू व योग्य रक्त मिळाले नाही, तर ते व्यर्थ.

मग टिकतो तरी किती? २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या, राष्ट्रीय नोंदवह्यांवर आधारलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे पंचवीस वर्षे टिकतात. अठ्ठाविसाव्या वर्षी सांधा बसविलेल्या मजुरास त्रेपन्नाव्या वर्षाच्या आत पुन्हा शस्त्रक्रियेस जावे लागण्याचा हा संभव कमी नव्हे. हे सांधे मुख्यतः जुन्या द्रव्यांचे व परदेशी रोग्यांचे, हे ध्यानात घेऊनही आकडा विसरता येत नाही.

असा आकडा काढता येतो, कारण स्वीडनने १९७९ पासून खुब्यांची नोंदवही ठेवली आणि इतरांनी तिचे अनुकरण केले. चार्नली तर आपल्या रोग्यांकडून मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी परत देण्याची संमती घेत असे. आपल्याकडे नोंदींअभावी काय होते, हे धातूवर धातू घासणाऱ्या एएसआर सांध्याच्या प्रकरणाने दाखविले. त्यातून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात मिसळत. डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलाविला. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. शासनाच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रोग्यांचा मागच लागत नव्हता.

सांध्याच्या पेटीवर त्याचे नाव, माप व क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्या असतात; त्यांतील एक रुग्णालयाच्या कागदांत लावतात. दुसरी रोग्याच्या हाती, आधारपत्र वा शिधापत्रिकेबरोबर जपण्यास, दिली जाणे अगत्याचे आहे. हंगामाबरोबर गाव बदलणाऱ्या माणसाच्या खुब्यात कोणता दांडा व कोणती वाटी आहे, हे पंचवीस वर्षांनी नागपूर वा सेवाग्राम येथील शल्यविशारदास क्ष-किरणचित्र पाहून अदमासाने ठरवावे लागते, आणि दुरुस्तीची हत्यारे त्या अदमासावरच मागवावी लागतात.