धाप आणि रक्तातले आम्ल

कळव्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९९२ सालचे. धाप लागलेल्या रोग्याच्या धमनीतले रक्त घेऊन त्याची आम्लता का मोजतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांना शिकावेच लागते. या धड्यामागे डेन्मार्कमधील कोपनहेगन शहराची गोष्ट आहे.

१९५२ साली तिथे पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसे दगावत होती. रक्तात क्षार वाढलाय, असे डॉक्टर समजत. ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, छे! कर्बवायू बाहेर पडत नाही, म्हणून रक्त आम्ल होते आहे. त्यांनी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा दिली. मुलगी वाचली! मग सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबल्या.

म्हणून सांगतो, धाप लागलेला माणूस गुंगीत जाऊ लागला, तर ‘बरे झाले, झोप लागली’ म्हणू नका. कर्बवायू साठत असेल. तडक इस्पितळ गाठा.