श्वास मोजणारी संस्था : कैवल्यधामची वाटचाल

उड्डियान बंध करणाऱ्याचे पोट आत ओढले जाते आणि बरगड्यांखाली खोल खळगा पडतो, हे समोर बसलेल्या कुणालाही दिसते. पण पोटाच्या आत काय घडते? हा प्रश्न घेऊन १९२०–२१ च्या सुमारास एक संस्कृतज्ञ शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह बडोद्याच्या इस्पितळातील प्रयोगशाळेत गेले. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले. लोणावळ्याचे कैवल्यधाम १९२४ साली निघाले असले, तरी त्या संस्थेची सुरुवात मी या प्रयोगशाळेपासूनच धरतो.

गुण्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतील डभोईचा. १९०३ मध्ये त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. म्हणजे पोथी उलगडायची तयारी पक्की होती. शरीराची तयारी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत झाली. १९०७ ते १९१० ही वर्षे ते राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली होते. टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांचा तो काळ, देशासाठी तरुणांची शरीरे घडवायची ही त्या पिढीची धून. योगाकडे ते वळले ते नर्मदाकाठी, मालसरला. तिथे १९१९ मध्ये परमहंस माधवदासजींनी त्यांना जवळ केले. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी व्याकरण, मग तालीम, मग साधना. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मान डोलवायची नाही आणि डॉक्टर हसतात म्हणून सोडूनही द्यायचे नाही, हा संस्थेचा पुढचा स्वभाव या तिन्हींच्या मिश्रणातून आला असावा.

माधवदासजींचे आणखी एक शिष्य, मणिभाई देसाई म्हणजेच श्रीयोगेंद्र, यांनी १९१८ च्या अखेरीस मुंबईत वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली होती. एका गुरूच्या दोन शिष्यांनी सहा वर्षांच्या अंतराने दोन संस्था काढल्या आणि गुहेतला योग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या संसारी माणसाच्या हाती दिला. दोन्ही संस्था आज शंभरी ओलांडून उभ्या आहेत.

बडोद्याच्या प्रयोगांकडे परत येऊ. श्वास पूर्ण सोडायचा, कंठ बंद ठेवायचा आणि श्वास घेतल्यासारखी छाती फुलवायची. हवा आत येऊ शकत नाही, मग मध्यपटल वर सरकते आणि त्याच्यामागे पोट आत ओढले जाते. हे उड्डियान. त्यातच पोटाचे मधले स्नायू पुढे काढले की नौली. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यातला दाब मोजला तेव्हा तो बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी आढळला. बस्ती या आतडे धुण्याच्या योगक्रियेत पाणी आत कसे ओढले जाते, याचे इतके दिवस गूढ वाटणारे उत्तर या एका मापात होते. या ऋण दाबाला त्यांनी गुरूचे नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’. गुरुदक्षिणा देण्याच्या नाना तऱ्हा ऐकल्या आहेत. आतड्यातल्या निर्वातपोकळीला गुरूचे नाव देणारा शिष्य मात्र मला दुसरा ठाऊक नाही.

ऑक्टोबर १९२४ मध्ये, विजयादशमीच्या मुहूर्तावर, लोणावळ्यात आश्रम उभा राहिला. मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये, रेल्वेच्या वाटेवर, थंड हवेचे गाव. देणगीदार शेठही येऊ शकत आणि पाहुणा शास्त्रज्ञही. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. त्यात एक भाग शास्त्रीय, एक अर्धशास्त्रीय आणि एक लोकांसाठी, अशी सरळ विभागणी होती. प्रयोगाने दिसलेले एका बाजूला, तर्काने वाटणारे दुसऱ्या बाजूला आणि करून पाहायची कृती तिसऱ्या बाजूला. योगावर आज जे छापले जाते आणि पडद्यावर दाखवले जाते, त्यात ही तीन खाती सर्रास एकात मिसळलेली असतात. १९२६ च्या अंकांतच शीर्षासन, सर्वांगासन, मत्स्यासन यांत रक्तदाब किती चढतो-उतरतो याची मोजमापे आलेली आहेत. पुढे या नियतकालिकात मोठा खंड पडला. पैसा, माणसे आणि वेळ यांची ओढाताण कुठल्या मराठी संस्थेला चुकली आहे?

याच ओढाताणीच्या काळात संस्थेने एक असा निष्कर्ष मांडला की जो तिच्याच प्रचाराला मारक होता. प्राणायामाने शरीराला जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही घट्ट होती आणि आजही सकाळच्या वर्गांत ती सांगितली जाते. कुवलयानंदांनी श्वासातली हवा तपासली आणि लिहिले की प्राणायामाचे मोल जादा प्राणवायूत नाही. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असताना त्याच्या रोहिण्यांतले रक्त प्राणवायूने जवळजवळ भरलेलेच असते; आणखी ओतायला जागा फारशी नसते. प्राणायामाचे काम त्यांच्या मते वेगळे : छाती-पोटातील दाबांचे बदल आणि मज्जासंस्थेवर येणारा ताबा. आपल्या गिऱ्हाइकाला आवडणारी गोष्ट खोटी आहे, हे दुकानदारानेच सांगावे, तसला हा प्रकार.

श्वास मोजायला बाहेरूनही माणसे आली. केरळचे कोवूर बेहानन हे अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करत होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी ते लोणावळ्यात राहून साधना शिकले. परत गेल्यावर त्यांनी स्वतःवरच प्रयोग करवून घेतले. उज्जायी करताना त्यांच्या शरीराचा प्राणवायूचा खप सुमारे २४.५ टक्क्यांनी वाढला, भस्त्रिकेत १८.५ आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी. हे आकडे त्यांचे शिक्षक वॉल्टर माइल्स यांनी १९६४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. कुवलयानंदांच्या मापांशी ते सरळ जुळत नाहीत. श्वास घेणे हेही स्नायूंचे कामच, त्यामुळे खप वाढला असेल. शिवाय एकाच माणसावरच्या प्रयोगाने शास्त्र ठरत नाही. पण १९३७ च्या पुस्तकात बेहाननांनी नोंदवलेली दुसरी गोष्ट मला अधिक रंजक वाटते. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बेरजांसारख्या चाचण्यांत त्यांचा वेग मंदावला होता. बुद्धी तल्लख वगैरे झाली नव्हती. मन मात्र अतिशय निवांत झाले होते. परीक्षेच्या अर्धा तास आधी मुलांकडून प्राणायाम करवून घेणाऱ्या पालकांनी हे वाचायला हरकत नाही.

पत्रातूनही शवासन शिकवता येते, हे १९२७ साली दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये कोल्हापूरच्या बाजूच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती एकदम ढासळली, रक्तदाब चढला. विश्रांतीसाठी ते म्हैसूर संस्थानातील नंदी हिल्सवर राहिले. तिथून त्यांचा कुवलयानंदांशी पत्रव्यवहार चालला : कुठले आसन, किती वेळ, त्यानंतर दाब किती. प्रयोगांची हौस असलेला रोगी आणि मोजमापाची हौस असलेला शिक्षक, अशी ती जोडी जमली होती.

साधकाला कैवल्यधामात जे शिकवले जाते ते पाहिले की या प्रयोगांचा माग लागतो. आसन सावकाश घ्यायचे, स्थिर राहायचे, सावकाश सोडायचे. घाम निघाला किंवा श्वास लागला तर ते इथे चुकले असे समजतात. आसन टिकवताना अंगातला जादा जोर काढून टाकायचा, पतंजलीने ज्याला प्रयत्नशैथिल्य म्हटले ते. कपाळ आणि जबडा सैल आहे का, हे शिक्षक पुनःपुन्हा विचारतात, कारण पाठ ताणताना चेहराही ताणला जातो आणि तो आपल्याला कळत नाही. दोन आसनांच्या मध्ये शवासन किंवा मकरासन. अर्धमत्स्येंद्रासन न जमणाऱ्याला आधी वक्रासन. कंबर धरलेल्या, चाळिशी उलटलेल्या कारकुनालाही पहिल्याच दिवशी काहीतरी जमावे, अशी ही मांडणी आहे. चपळाईचे प्रदर्शन करणाऱ्यांना ती मिळमिळीत वाटते.

प्राणायामाचीही तीच रीत. नवशिक्याला कुंभक, म्हणजे श्वास रोखणे, नाही. पूरक (श्वास घेणे) एक मात्रा, तर रेचक (श्वास सोडणे) दोन, एवढेच प्रमाण सांभाळायचे. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. रेचक लांबवला की या मंदावण्याला जास्त वेळ मिळतो. शरीर शांत करणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेकडे झुकाव होतो, असे आजचे शरीरशास्त्र याचे स्पष्टीकरण देते. मन आवरायला बसलो तर ते हातात येत नाही. श्वासाला मात्र आपल्या इच्छेचे दार आहे आणि आपोआप चालण्याचेही. त्या दोन दारांच्या मधली जागा पूर्वीच्यांनी हेरली होती. दम कोंडून, नाडी उडत असताना, डोळे वटारून केलेला प्राणायाम उलट बेचैनी वाढवतो. ‘हळू’ हा इथल्या शिक्षकांचा सर्वांत आवडता शब्द त्यासाठीच आहे.

संस्थेचा पसारा वाढत गेला, तो थोडक्यात सांगतो. मुंबईत १९३२ मध्ये काम सुरू झाले आणि १९३६ मध्ये चौपाटीजवळ ईश्वरदास चुनिलाल योगिक हेल्थ सेंटर उभे राहिले. लोकलने येणाऱ्या नोकरदारांनी ते आपलेसे केले. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले आणि शाळेच्या मैदानावरच्या कवायतीच्या शेजारी आसनांना जागा मिळाली. १९५० च्या सुमारास लोणावळ्यात गोवर्धनदास सेक्सारिया यांच्या नावाचे योग महाविद्यालय निघाले, तर १९६० च्या दशकाच्या आरंभी योगिक रुग्णालय. दम्याच्या रुग्णांवरचे काम डॉ. विनेकर आणि डॉ. भोळे यांच्या नावाशी जोडलेले आहे. कुवलयानंदांनी विनेकरांबरोबर लिहिलेले ‘योगिक थेरपी’ हे पुस्तक १९६३ मध्ये आले.

१९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक भारतभर फिरून योग्यांची तपासणी करत होते. योगी हृदय थांबवतात, या दाव्याची शहानिशा त्यांना करायची होती. लोणावळ्यातील साधकही त्यांच्या तपासणीत होते. श्वास रोखून छातीत दाब वाढवला की हृदयाकडे परतणारे रक्त घटते, नाडी हाताला लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत; पण विद्युत्-आलेखावर हृदय चालूच असते. १९६१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. चमत्काराची एक कथा निकालात निघाली आणि कैवल्यधामने त्याबद्दल गळा काढला नाही. पुढे त्यांनी स्वतः हवाबंद खड्डा बांधून त्यात माणसे बसवली आणि भूमिगत समाधीचीही हवा तपासली.

कुवलयानंदांचे निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झाले. माणसाच्या नावावर चालणाऱ्या संस्था त्याच्यामागे कोसळतात, हा आपला नेहमीचा अनुभव. ही कोसळली नाही, कारण त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजींनी मोजमापासोबत ग्रंथांचे काम पुढे नेले. पंडित रघुनाथशास्त्री कोकजे यांच्यासह त्यांनी हठप्रदीपिकेची हस्तलिखिते ताडून १९७० मध्ये सिद्ध केलेली संपादित आवृत्ती आजही अभ्यासक उघडतात. घेरंडसंहितेचेही काम असेच झाले. नंतरच्या काळात स्वामी महेशानंद आणि ओ. पी. तिवारी यांनी धुरा वाहिली.

दोष काढायचे तर निघतात. सुरुवातीचे पुष्कळ प्रयोग मोजक्या, आधीच तयार असलेल्या साधकांवर झाले. तुलनेसाठी साधना न करणाऱ्यांचा गट नसे. आजच्या वैद्यकीय नियतकालिकाने ते परत पाठवले असते. स्नायू, ग्रंथी, मज्जा यांवरच्या परिणामांची काही विधाने पुराव्याच्या पुढे धावलेली दिसतात. पण ज्या काळात हठयोग म्हणजे खिळ्यांवर झोपणारे बैरागी, असे शिकलेल्या लोकांना वाटत होते, त्या काळात रक्तदाबमापक घेऊन बसलेल्या माणसाचे धाडस या दोषांनी कमी होत नाही. विज्ञानाची भाषा प्रतिष्ठेसाठी वापरली, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. तो पूर्ण खोटा नाही. तरी केवळ प्रतिष्ठा हवी असती, तर प्राणवायूचा लोकप्रिय दावा मोडण्याची गरज नव्हती.

३० ऑगस्ट २०१९ रोजी कुवलयानंदांचे टपाल तिकीट निघाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लोणावळ्याला आल्या आणि शालेय शिक्षणातील योगावरच्या परिषदेचे उद्घाटन झाले. शताब्दीच्या कार्यक्रमांचाच तो भाग होता. सत्कार झाले ते योग्यच.

वाचकाला माझे सांगणे एवढेच : योग शिकायला जाल तिथे शिक्षकाला दोन प्रश्न विचारा. हे केल्याने नेमके काय होते आणि ते कुणी मोजले आहे का? उत्तर देता न येणारा शिक्षक वाईट असेलच असे नाही. पण प्रश्नाने चिडणारा असेल तर दुसरा वर्ग शोधा. रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.