कोरी नोट आणि जुना लेक

आमच्या संग्रहातील एका पाकिटात सात नोटा आहेत. एक, तीन, पाच, दहा, पंचवीस, पन्नास आणि शंभर लेक. मूल्य फार नाही. समाजवादी अल्बेनियाच्या या नोटा संग्राहकांच्या बाजारात सहज मिळतात. तरीही हे पाकीट आम्ही पुन्हा पुन्हा उघडतो, कारण आकडे वजा केले तर या सात कागदांवर उरतो तो एक मजकूरच, आणि मजकूर वाचायची आम्हांला सवय आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कम्युनिस्ट सत्तेवर आले तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःची नोट नव्हती. १९४५ मध्ये जुन्या नोटांवरच नव्या सरकारी बँकेचे नाव आणि गंडभेरुंडाची आठवण करून देणारा दुहेरी डोक्यांचा गरुड छापून काम भागवण्यात आले. पुढे १९४७, १९४९ आणि १९५७ या सालांच्या नोटा निघाल्या. राजकारणातील सोयरीकही याच काळात बदलत गेली. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी संबंध तुटले, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी, १९७८ मध्ये चीनशी. हे तीन विरह ध्यानात ठेवले म्हणजे नोटांचे वाचन सोपे होते.

आमच्या पाकिटातील सात मूल्ये प्रथम १९६४ साल घालून छापली गेली. १९६५ मध्ये त्या चलनात आल्या, तेव्हा दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला. आता मूल्यांची ही पायरी पुन्हा पाहा : १, ३, ५, १०, २५, ५०, १००. सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये काढलेल्या रुबलच्या नोटांची पायरी अगदी हीच होती, आणि तेथेही त्या वर्षी दहास एक हेच प्रमाण ठरले होते. मॉस्कोशी राजनैतिक संबंध तुटून तीन वर्षे झाली होती. टीकेची धार वाढतच होती. पण हिशेबाची रीत मात्र मॉस्कोचीच राहिली. तीन लेकची नोट हाती घेतली की आम्हांला वाटते, भांडण भाषणात पूर्ण होते, अंकगणितात नाही.

चित्रांकडे वळू. एक लेकवर शेतकरी जोडपे, तीनवर फळांची टोपली घेतलेली स्त्री, पाचवर मालमोटार आणि आगगाडी, दहावर कापडगिरणीतील कामगार स्त्री, पंचवीसवर गव्हाची पेंढी घेतलेली स्त्री, शंभरवर धरणापाशी उभा कामगार आणि त्याच्यासोबत एक मुलगा. पन्नासवर संचलन करणारे सैनिक, आणि मागील बाजूस बंदूक व कुदळ. 'एका हातात कुदळ, दुसऱ्या हातात बंदूक' ही त्या राजवटीची घोषणाच होती. नोटेने ती चित्रात उतरवली.

या चित्रमालिकेत एक चेहरा नाही, आणि तो नसणे हाच आम्हांला सर्वांत बोलका भाग वाटतो. एन्व्हर होजा १९४४ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत देशाचा सर्वेसर्वा होता. त्याचे पुतळे होते, त्याच्या ग्रंथांचे खंडामागून खंड निघत होते. डोंगरउतारावर त्याचे नाव प्रचंड अक्षरांत कोरले गेले होते. नोटेवर मात्र तो नाही. तेथे आहे स्कँदरबेग, पंधराव्या शतकात ऑटोमन सत्तेशी पंचवीस वर्षे झुंजलेला सरदार. सरंजामदाराला कामगारांच्या राज्यात मानाची जागा मिळावी, हे मार्क्सवादाच्या चौकटीत अवघड. पण वेढ्यात सापडलेल्या देशाला वेढा झेलणारा वीर लागतो. १९७० मध्ये इस्माईल कादारे यांनीही आपल्या कादंबरीसाठी ऑटोमन सैन्याने वेढलेला किल्लाच निवडला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना आठवेल. हुकूमशहाने स्वतःला नोटेवर छापले नाही याला विनय म्हणण्यास आम्ही तयार नाही. वीराच्या जागी आपणच आहोत, हे वाचकाने आपले आपण ताडावे, अशी ती योजना असावी.

दुसरी अनुपस्थिती अधिक जड आहे. नोटांवर श्रम आहेत, घाम नाही. कामगार आहेत, कैदी नाहीत. १९६८ मध्ये उत्तरेकडील डोंगरांत स्पाच येथे तांब्याच्या आणि पायराइटच्या खाणीवर राजकीय कैद्यांची श्रमछावणी सुरू झाली. मे १९७३ मध्ये तेथे कैद्यांनी उठाव केला आणि तो चिरडला गेला. खाणीतील तो माणूसही कुदळच चालवत होता. नोटेवरील कुदळ आणि त्याची कुदळ या दोहोंमधील अंतर कोणत्याही सूचीत नोंदवलेले नसते.

१९७६ च्या डिसेंबरात नवी राज्यघटना आली आणि लोकप्रजासत्ताकाचे 'समाजवादी लोकप्रजासत्ताक' झाले. त्या सालाच्या नोटांवर चित्रे तीच ठेवून देशाचे नाव तेवढे बदलण्यात आले. दोन्ही मालिका शेजारी मांडल्या की एका विशेषणाने वाढलेला देश दिसतो. शेतकरी जोडपे मात्र जागचे हललेले नाही.

आता थोडे आमच्याविषयी. संग्राहकाला कोरी नोट हवी असते : घडी नाही, डाग नाही, बोटाचा ठसा नाही. म्हणजे जिने कोणाच्याही पाव-मिठाचे पैसे दिले नाहीत, ती नोट आमच्या लेखी उत्तम. इतिहासाला नेमकी उलट नोट हवी असते. आमच्या सातांपैकी सहा कोऱ्या आहेत. सातवी, दहा लेकची, चुरगळलेली, कोपरा झिजलेली; विक्रेत्याने ती जवळपास फुकटच दिली. गिरणीतल्या स्त्रीच्या चेहऱ्यावरून गेलेली घडी पाहताना ती किती खिशांतून फिरली असेल, हा विचार सुटत नाही. ते खिसे देशाबाहेर जाऊ शकत नव्हते. परवानगीवाचून सीमा ओलांडणे हा गंभीर गुन्हा होता. माणसे अडवली गेली आणि त्यांच्या नोटा पुढे जगभरच्या पाकिटांत पोहोचल्या.

त्या नोटांचे खरे जतन मात्र आमच्या पाकिटात होत नाही. अल्बेनियात आजही अनेक जण बोलताना किंमत 'जुन्या लेक'मध्ये सांगतात. शंभर लेकच्या कॉफीला तोंडाने हजार म्हटले जाते, आणि परका पाहुणा गोंधळतो. १९६५ च्या बदलानंतर जन्मलेली, जुनी नोट कधी न पाहिलेली माणसेही असेच बोलतात. आपल्याकडे १९५७ मध्ये दशमान पैसे आले, तरी चार आणे आणि आठ आणे बोलण्यातून गेले नाहीत. खरेपणा आपण अजून सोळा आण्यांतच मोजतो. सरकार नोट मागे घेऊ शकते, शब्द मागे घेऊ शकत नाही.

म्हणून सूचीत कवडीमोल ठरलेली ती सातवी नोट आम्ही पाकिटात सर्वांत वर ठेवली आहे. उरलेल्या सहा राजवटीने काय छापले ते सांगतात. ही एक तरी कोणाच्या तरी हाताला लागली होती.